नरक्याबद्दलचे माझे मत

औषध म्हणजे रसायन. झाड हे ते मिळण्याचे केवळ ठिकाण, असे मी अनेक वर्षे मानत आलो. सह्याद्रीतले नरक्या हे झाड कॅम्पटोथेसिन या रसायनासाठी बेसुमार तोडले गेले, तेव्हाही मी एवढेच विचारायचो, की हे रसायन दुसरीकडून मिळते ना? मग काळजी कसली? आज मला तो विचार पटत नाही.

मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत कॅम्पटोथेसिनची रचना उलगडली, ती कॅम्पटोथेका या चिनी झाडावरून. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची औषधे त्यातूनच आली. नरक्या त्या झाडाच्या जवळच्या नात्यातला नाही. ऑफिओऱ्हायझा ही लहानशी वनस्पती तर कॉफीच्या कुळातली. तरी तिघांतही हेच रसायन सापडते.

माझे मत बदलले ते या वनस्पतींत हे रसायन घडवणाऱ्या विकरांविषयी (एन्झाइमांविषयी) वाचताना. नवे विकर बहुधा जुन्यातूनच घडते. जनुकाची जादा प्रत तयार होते. मूळ प्रत नेहमीचे काम सांभाळते, म्हणून जादा प्रतीत बदल साचत जातात आणि तिचे विकर एखादी वेगळीच क्रिया घडवू लागते. त्यामुळे मुक्काम एक असला तरी वाटा वेगळ्या निघतात. ऑफिओऱ्हायझा सेकोलोगॅनिनमार्गे जाते. कॅम्पटोथेका त्याआधीची मिथाइल गट जोडण्याची पायरी गाळून सेकोलोगॅनिक आम्लावरून पुढे सरकते.

शिवाय कॅम्पटोथेसिन हे विष आहे. ते डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकरालाच जखडते, आणि ते विकर झाडाच्याही पेशीत असते. ऑफिओऱ्हायझा आणि कॅम्पटोथेका या दोन्ही वनस्पतींत त्या विकरातले एक अमिनो आम्ल बदललेले आहे. म्हणून त्या आपल्याच विषाने मरत नाहीत. विष करणे आणि ते सोसणे, दोन्ही बरोबरीने घडत आले.

रसायनाची रचना एकदा कागदावर उतरली की टिकते. ते घडवणारी विकरे आणि त्यांच्यातले फरक मात्र जिवंत झाडांतच राहतात. नरक्यातले कॅम्पटोथेसिनचे प्रमाणही ठिकाणागणिक बदलते. एका डोंगरावरची झाडे दुसऱ्या डोंगरावरच्या झाडांची उणीव भरून काढतीलच असे नाही. म्हणून आता माझे म्हणणे स्पष्ट आहे: नरक्याची लागवड जरूर करावी, पण रानातला नरक्या तोडायला तिची सबब देऊ नये.