जेवलासा?

वडील सांगलीच्या खानापूर तालुक्यातले. त्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी आधीपासूनच बाहेर पडत होती, 1972च्या दुष्काळानंतर आमच्या घरानंही वाट धरली. जुनं सोनं मुशीत आटवायचं, तेजाबात टाकून त्यातली चांदी-तांबं काढायचं आणि चोख सोनं सोनाराच्या हातात द्यायचं. देशातल्या कुठल्याही सराफपेठेत शिरा, एखाद्या बोळात खानापूर-विट्याकडचा गलाईवाला भट्टी पेटवून बसलेला सापडेल.

मी मदुराईत वाढलो. दुकानात गावाकडची चार पोरं कामाला, त्यामुळं भट्टीपाशी खानापुरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमीळ. तमीळ लिपीत प, फ, ब, भ या सगळ्यांना मिळून एकच अक्षर. तसलं लिहायला शिकलेल्या पोराच्या तोंडी भाऊ आणि बाऊ यांत फारसा फरक राहत नाही. तमिळांचा तो प्रसिद्ध ‘ळ’सारखा उच्चार मला कधीच जमला नाही, पण मदुराईत भलेभले तमीळही तिथं सरळ ‘ळ’च म्हणतात, म्हणून माझं खपून गेलं. पुढं वडिलांनी त्रिशूरला बस्तान हलवलं. तिथल्या शाळेत मी मल्याळम बोललो की पोरं ‘पांडी’ म्हणायची, म्हणजे तमीळ. मराठी आहे म्हणून सांगितलं तरी कुणाला पटायचं नाही.

आठवीला मला रहिमतपूरला मामाकडं ठेवलं. बंगळूरहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं मिरज, तिथून पॅसेंजर. आईचं माहेर, दर सुट्टीला पाहिलेलं गाव, रणदुल्लाखानाच्या कबरीपाशी खेळलेलो. परकं वाटायचं काही कारण नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी मामाच्या सहा वर्षांच्या पोराला मी विचारलं, “जेवलासा?”

मामी हसता हसता खाली बसली.

तमिळात प्रश्न विचारताना शेवटी ‘आ’ लागतो. तो माझ्या मराठीला चिकटला होता. ‘तू जेवलास’ला ‘आ’ जोडला की माझ्या लेखी प्रश्न झाला. पण साताऱ्याकडं ‘जेवलासा?’ हे थोरामोठ्यांना विचारतात. त्या शेंबड्या पोराला मी अहो-जाहो करत होतो, आणि त्याला ते फार आवडलं. पुढं वर्षभर तो मुद्दाम समोर येऊन उभा राहायचा. वर्गात मात्र मी ‘अण्णा’ झालो. घोडा, धोतर, भाकरी म्हणून दाखव, हा मधल्या सुट्टीतला खेळ.

रहिमतपूर हे नाटककार वसंत कानेटकरांचं जन्मगाव, 1920 साली ते इथं जन्मले. गावाला त्याचा अभिमान. स्नेहसंमेलनात त्यांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला प्रवेश बसवायचा ठरला आणि हंबीररावांचं काम माझ्याकडं आलं, बहुधा उंचीमुळं. तालमीत एक गंमत झाली. पाठ केलेली वाक्यं म्हणताना माझा हेल गायब व्हायचा. अडखळायचे ते इतरच. संभाजी झालेल्या, पिढ्यान्‌पिढ्या गावातल्याच पोराच्या तोंडून ‘नाही’ निघेना. तो ‘न्हाई’ म्हणायचा, सर पुन्हा म्हणायला लावायचे, तो पुन्हा ‘न्हाई’. सोयराबाईला ‘तिथं’ जमत नव्हतं, ‘तितं’ यायचं. मला ‘घोडा’ म्हणून दाखव म्हणणाऱ्यांतले निम्मे त्या पंधरवड्यात घामाघूम झाले. रंगमंचावरची मराठी आम्हा सगळ्यांनाच उसनी होती, मला फक्त उसनवारीची सवय जास्त. तळबीडचे हंबीरराव मोहिते प्रत्यक्षात इतकं शुद्ध बोलत असतील, असं मला आजही वाटत नाही.

दहावीपर्यंत माझ्या बोलण्यात ‘करतुया’, ‘व्हय’ सगळं बसलं. हेलही गेला असं मी समजत होतो, पण राग आला की तो अजून येतो, असं बायको सांगते.

आता धाकटा भाऊ शारजाला असतो. त्याची मुलगी तिथंच वाढली, मधली तीन वर्षं सिंगापूरला होती. तिला मराठी आईनं बसवून शिकवलं, त्यामुळं ती ‘मला भूक लागली आहे’ असं सबंध वाक्य बोलते, ‘ट’ मात्र इंग्रजी वळणाचा. मे महिन्यात ती आली तेव्हा आमच्या आईनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं, “पुस्तकातल्यागत बोलती बया. पन भाकरी दोन खाती.”