इंजेक्शनवरचा राग

अण्णांच्या मेंदूत रक्तस्राव झाल्याचं कळलं तेव्हा मी नगरच्या एका रुग्णालयात डॉक्टरांवर ओरडलो, ‘चांगल्या चालत्या-बोलत्या माणसाची वाट लावलीत!’ हे खोटं होतं. शेवगावहून आणलं तेव्हाच त्यांचा उजवा हात लोंबत होता, तोंडातून शब्द फुटत नव्हता. इंजेक्शनचा धोका लिहिलेल्या कागदावर सही माझीच होती.

डोकं दुखून उलटी होताच डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन थांबवलं, पुन्हा सीटी स्कॅन केला, रक्तदाब आवरला. अण्णा वाचले. मी मात्र लग्नात, दहाव्यात भेटेल त्याला सांगत सुटलो, ‘अंगावरून वारं गेलं तर ते इंजेक्शन घेऊच नका.’ कुणीकुणी ते ऐकलं असेल, याचा विचार करायला आजही धजत नाही.

पुढे फेरतपासणीला गेलो तेव्हा त्याच डॉक्टरबाईंनी दोन्ही स्कॅन शेजारी-शेजारी लावले. दुसऱ्यात रक्ताचा पांढरा डाग होता. तो नेमका कुठे पडलाय, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. रक्तावाचून आधीच करपलेल्या भागातच तो होता. आमच्याकडे पाट बरेच दिवस कोरडा राहिला की उंदीर भराव पोखरतात आणि आवर्तन सुटलं की पाणी तिथूनच फुटतं. उपाशी राहिलेल्या रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. त्यात गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची भर. उशीर जितका जास्त, तितका धोका मोठा. हे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. सकाळी अण्णांच्या हातून चहाची कपबशी निसटली, तेव्हा मी त्यांना ‘पडा जरा’ म्हणून झोपवलं होतं.

मग बाईंनी 1995 च्या अमेरिकी चाचणीचे आकडे सांगितले. इंजेक्शन दिलेल्यांत त्रासदायक रक्तस्राव 6.4 टक्क्यांना, न दिलेल्यांत 0.6 टक्क्यांना. मी म्हणालो, ‘बघा!’ त्या म्हणाल्या, ‘पुढचंही ऐका.’ तीन महिन्यांत दगावलेले अनुक्रमे 17 आणि 21 टक्के. म्हणजे रक्तस्राव धरूनही मृत्यू वाढले नव्हते आणि धडधाकट होणारे जास्त होते. औषधाचा बळी मला दिसत होता. गुठळीचे बळी मी कधी मोजलेच नव्हते.

अण्णा आता काठी घेऊन मळ्यात जातात, शब्द अडखळतात. आल्यागेल्याला सांगतात, ‘इंजेक्शननं घात केला.’ मी समजावतो, ते ऐकत नाहीत. त्यांच्या कानात ते भरलं मीच.