आधी टाकी, मग मशीन

परभणी, वैशाख

 

पत्रास कारण की, गंगाखेडच्या घरी वहिनींसाठी वॉशिंग मशीन घेण्याचा चिरंजीवांचा विचार कळला आणि पुण्याच्या दुकानात पसंत केलेल्या, समोरून दार असलेल्या मशीनची माहितीही पोचली. हेतू उत्तम आहे आणि यंत्रही चांगले आहे. परंतु पुण्यात सातव्या मजल्यावरच्या सदनिकेत जे यंत्र विनातक्रार चालते, ते गोदाकाठच्या बैठ्या घरात तसेच चालेल असे धरून चालता येत नाही. किंमत, आकार आणि जाहिरातीत मोजून दाखवलेले धुण्याचे प्रकार पाहून मशीन निवडले जाते खरे, पण ते पुढे दहा वर्षे कामाला येईल की कोपऱ्यात झाकून ठेवावे लागेल, हे ठरवणाऱ्या बाबी यंत्राच्या नसून घराच्या असतात. परभणी जिल्ह्यात त्यांतील मुख्य बाबी म्हणजे पाण्याचा दाब, पाण्याचा जडपणा, विजेची तऱ्हा आणि ज्या व्यक्तीच्या हाती यंत्र जाणार तिची प्रकृती होत.

बाजारात तीन प्रकार मिळतात. सेमी-ऑटोमॅटिक यंत्राला शेजारी शेजारी दोन टब असतात. एकात तळाची चकती पाणी घुसळून कपडे धुते, दुसऱ्यात ते गरगर फिरून पिळले जातात, आणि एका टबातून दुसऱ्यात कपडे हातांनी टाकावे लागतात. फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड यंत्रात वरून झाकण उघडते, ड्रम उभा असतो, आणि पाणी घेणे, धुणे, खळबळणे व पिळणे ही सर्व कामे एकाच ड्रममध्ये आपोआप होतात. फ्रंट लोड यंत्रात ड्रम आडवा असतो. कपडे वर उचलले जाऊन खालच्या थोड्याशा पाण्यात आपटतात, म्हणून या प्रकाराला पाणी सर्वांत कमी लागते, कपड्यांची झीज कमी होते आणि आतल्या हीटरमुळे गरम पाण्याची धुलाईही होते. पुस्तकी तुलनेत तिसरा प्रकार सरस ठरतो, यात शंका नाही. ही तुलना घरात आणली की मात्र तिचे निष्कर्ष बदलतात.

पहिला मुद्दा दाबाचा. स्वयंचलित यंत्रात पाणी नळाने थेट शिरत नाही. विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपेतून शिरते, आणि ही झडप नीट उघडण्यासाठी मागून पाण्याचा किमान दाब असावा लागतो. अनेक कंपन्या माहितीपुस्तिकेत तो ०.३ बार किंवा त्याहून अधिक सांगतात. बार हे दाबाचे माप असून सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब म्हणजे १ बार; यावरून ०.३ बारसाठी टाकीतले पाणी झडपेपेक्षा ३ मीटर वर हवे असा हिशेब निघतो. गंगाखेडच्या घरी काळी टाकी थेट स्लॅबवर टेकलेली आहे. स्लॅब जमिनीपासून ३ मीटर धरला आणि यंत्राची झडप जमिनीपासून १ मीटरवर धरली, तर टाकीच्या तळापासून उरतात २ मीटर, म्हणजे ०.२ बार. टाकी भरलेली असताना यंत्र चालेल, अर्धी झाली की पाणी आत घेण्यातच बराच वेळ घालवील आणि शेवटी पाणी येत नसल्याची खूण पडद्यावर दाखवून थांबेल. सर्व्हिसच्या माणसाला बोलावले तर तो यंत्रात दोष नाही असेच सांगेल, आणि ते खरेही असेल. यावर उपाय दोन: टाकीखाली मीटर-दीड मीटरचा पक्का ओटा किंवा लोखंडी स्टँड करून घेणे, अथवा छोटा प्रेशर पंप बसवणे. पंपाला वीज लागते, स्टँडला लागत नाही. म्हणून स्टँड बरा.

दाबाला जोडूनच पाण्याच्या वेळेचा प्रश्न येतो. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे मोठे धरण आहे, दक्षिणेकडून गोदावरी वाहते, आणि तरीही जिल्ह्यातील गावांना व शहरांना नळाचे पाणी काही दिवसांआड येते, ही येथील नित्याची गोष्ट आहे. नळ आला की हौद, पिंप, टाकी भरून ठेवायची आणि पुढचा नळ येईतो पुरवायचे, या शिस्तीवर घर चालते. अशा घरात यंत्राचा एक गुण फार मोलाचा ठरतो: ते बादलीने ओतलेले पाणी स्वीकारते की नाही. सेमी-ऑटोमॅटिक स्वीकारते; टॉप लोडही स्वीकारते, कारण त्याचे झाकण वरून उघडते आणि ड्रममधील पाण्याची पातळी ओळखणाऱ्या भागाला ते नळाचे की बादलीचे याच्याशी कर्तव्य नसते. फ्रंट लोडचे दार मात्र धुणे सुरू होताच बंद होते आणि त्यात बादली ओतण्याची सोय नाही. वरची टाकी कोरडी आणि खालचा हौद भरलेला, अशी स्थिती उन्हाळ्यात येणारच. त्या दिवशी पुण्याची पसंती गंगाखेडात अडून बसेल.

आता पाण्याच्या खर्चाचा हिशेब. सात किलोच्या फ्रंट लोड यंत्राला एका धुण्यास ढोबळमानाने ५० ते ६० लिटर पाणी लागते, तर त्याच क्षमतेच्या टॉप लोडला १०० लिटर आणि त्याहूनही अधिक लागू शकते. सेमी-ऑटोमॅटिकचा खर्च चालवणाऱ्याच्या हातात असतो. साबणाच्या त्याच पाण्यात आधी पांढरे, मग रंगीत आणि शेवटी शेतातले कपडे काढता येतात, परंतु खळबळताना नळ मोकळा सोडला तर सर्वाधिक नासाडीही याच यंत्रात होते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे लक्षात घेता मराठवाड्यात ५० लिटरचा फरक क्षुल्लक मानता येत नाही. टॉप लोडचा हा उणेपणा दोन सवयींनी बराच भरून निघतो: रोज चार कपड्यांसाठी यंत्र न लावता आठवड्यातून दोनदा पूर्ण भरून लावणे, आणि शेवटच्या खळबळीचे पाणी पिंपात धरून संडास व अंगण धुण्यास वापरणे. साबणाचे पाणी मात्र परसातल्या कढीपत्त्याला रोज घालू नये. पावडरीतील सोडियममुळे काळी माती घट्ट होते आणि पाणी मुरेनासे होते. नांदेड जिल्ह्यात गावोगावी राबवलेल्या शोषखड्ड्यांसारखा एखादा खड्डा मोरीच्या सांडपाण्यासाठी केल्यास तेही मार्गी लागेल.

दुसरा मुद्दा जडपणाचा. नळ नसेल त्या दिवशी बोअरचे पाणी वापरले जाते, आणि काळ्या पाषाणातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. असे पाणी म्हणजे जड पाणी, ज्याला शास्त्राच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅम ठरवली आहे. जड पाण्यात साध्या साबणाचा फेस होत नाही, त्याचा चिकट साका होऊन कपड्यावर बसतो आणि पांढरे धोतर राखाडी दिसू लागते. डिटर्जंट पावडर हे संकट बरेच टाळते, पण पूर्णपणे नाही. जड पाणी तापवले की क्षार बाहेर पडून हीटरवर पांढरा थर धरतात, जसा घरच्या बंबात धरतो. म्हणजे फ्रंट लोडचा जो हीटर जाहिरातीत गुण म्हणून मिरवतो, तोच बोअरच्या पाण्यावर सर्वांत आधी आजारी पडणारा भाग होय. शिवाय १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.६ युनिट वीज खर्च होते, आणि परभणीच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी फुकटच कोमट मिळते. यंत्र कोणतेही असो, दर महिना-दोन महिन्यांनी सायट्रिक आम्ल, म्हणजे किराणा दुकानातले लिंबूसत्व, घालून ते रिकामे फिरवावे.

मळ कोणता आहे, याचाही विचार हवा. शहरातील कपड्यांवर घाम आणि धूळ असते. गंगाखेडच्या घरात शेतावरून येणाऱ्या कपड्यांवर काळी माती असते. या मातीतील चिकणकण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतात आणि ओले असताना सुताच्या पिळात घुसून बसतात. म्हणून मातीचे कपडे वाळू द्यावेत, झटकावेत, साध्या पाण्यात एकदा बुचकळून काढावेत आणि मगच यंत्रात टाकावेत. अन्यथा माती गाळणीत आणि पंपात साचते. हळदीच्या डागाचे गणित वेगळे. हळदीतले रंगद्रव्य साबणाच्या अल्कलीने लालसर होते, त्यामुळे डाग वाढला असे वाटून घासाघीस केली जाते. वास्तविक ते द्रव्य उन्हात टिकत नाही, आणि धुतलेला कपडा दोन दिवस कडक उन्हात टाकला की डाग उडून जातो. हे काम यंत्राचे नव्हे, वैशाखाचे आहे. त्याच न्यायाने कपडे गरम हवेने सुकवणाऱ्या यंत्रावर पैसे घालवणे येथे व्यर्थ आहे. पावसाळ्यासाठी चांगला पिळणारा ड्रम पुरे. गोधडी आणि वाकळ यंत्रात घालू नये, कारण पाणी प्यालेल्या गोधडीचे वजन एका बाजूला येऊन ड्रम हिसके देतो.

विजेविषयी थोडक्यात. दाब २३० व्होल्टच्या बराच वरखाली होत असेल तर स्वयंचलित यंत्राचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जातो आणि तोच सर्वांत महाग भाग असतो, म्हणून स्टॅबिलायझर घ्यावा. वीज जाऊन आल्यावर धुणे जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू होते ना, हे दुकानातच विचारावे. त्याहून महत्त्वाचे अर्थिंग. काळी माती उन्हाळ्यात आटून भेगाळते, अर्थिंगच्या सळईभोवतीची माती सुटते आणि यंत्राच्या पत्र्याला ओल्या हाताने झटका बसू शकतो. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. याच मातीच्या फुगण्या-आटण्याने मोरीची फरशीही तिरकी होते, तेव्हा बसवताना पातळीची नळी लावून चारही पाय सारखे करून घेणे आवश्यक आहे. नाही तर पिळताना यंत्र जागचे सरकते.

दुरुस्तीचा विचार खरेदीपूर्वीच करावा लागतो. मराठवाड्याने वॉशिंग मशीन बनवणारी कंपनीही पाहिली आहे. व्हिडिओकॉन उद्योगसमूहाचा मोठा कारखाना पैठण रस्त्यावर चितेगाव येथे होता आणि त्या नावाची यंत्रे घराघरांत होती. २०१८ मध्ये त्या समूहावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. यावरून घ्यायचा बोध असा की नावाच्या मोठेपणापेक्षा सुटे भाग जवळ मिळण्याची खात्री अधिक कामाची. म्हणून मशीन पुण्याहून न पाठवता परभणीच्या स्टेशन रोडवर किंवा गंगाखेडातच घ्यावे आणि त्या कंपनीचा माणूस तालुक्याला येतो की नाही, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. नव्या जीएसटीमुळे स्वस्त झाले, असे कोणी सांगितल्यास भुलू नये. वॉशिंग मशीनवरील कर जुलै २०१८ मध्येच २८ वरून १८ टक्क्यांवर आला असून सप्टेंबर २०२५ च्या फेरबदलात तो तेवढाच राहिला आहे.

शेवटचा मुद्दा शरीराचा आणि तोच निर्णायक. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. त्यांच्या नावावरील अभंगांत दळण, झाडलोट, पाणी भरणे आणि धुणे ही कामे येतात आणि प्रत्यक्ष विठ्ठल त्या कामांना हात लावतो. भक्तीचा अर्थ बाजूला ठेवून पाहिले तरी या कामांचा भार एकटीने उचलण्याजोगा नसतो, याची नोंद त्या अभंगांत सापडते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो आणि ती करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे, असे आढळले. यंत्र आले की ही तफावत आपोआप मिटेल असे मानणे भोळेपणाचे आहे. अमेरिकी इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की घरात यंत्रे आली तेव्हा स्वच्छतेच्या अपेक्षाही वाढल्या, पूर्वी इतरांमध्ये वाटले जाणारे काम गृहिणीकडे गोळा झाले, आणि तिचा वेळ मोठा वाचला नाही. तेव्हा मशीन कोण लावणार, याचे उत्तर घरातल्या पुरुषांनीही दिले पाहिजे. धुण्याला येणाऱ्या बाईंचे काम यंत्राच्या निमित्ताने बंद करू नये. मशीन लावणे, मातीचे कपडे बुचकळणे आणि वाळत घालणे एवढे काम शिल्लक राहते, आणि पगार तोच ठेवणे न्यायाचे आहे.

वहिनींचे गुडघे दुखतात. फ्रंट लोडपुढे वाकावे किंवा बसावे लागते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये पाणी प्यालेले जड कपडे एका टबातून दुसऱ्यात उचलावे लागतात आणि धुणे संपेपर्यंत जवळ थांबावे लागते. टॉप लोडपुढे उभे राहून काम होते आणि पिळून निघालेलेच कपडे उचलायचे असतात. त्यांची उंची बेताची असल्याने ड्रमच्या तळापर्यंत हात पोचतो की नाही, हे मात्र त्यांनाच दुकानात नेऊन पाहावे.

सारांश, साडेसहा किंवा सात किलोचे, हीटर नसलेले, कमी दाबावर चालणारे फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड यंत्र गंगाखेडच्या घराला योग्य ठरेल. पुण्याच्या दुकानात दिलेला विसार परत मिळत असल्यास घ्यावा आणि त्यातून आधी टाकीचा स्टँड करून घ्यावा. यंत्र त्यानंतरच आणावे. गवंडी आणि वेल्डर दोघेही ज्येष्ठात मोकळे मिळतात, पेरणीला पाऊस पडला की मिळत नाहीत, म्हणून उत्तर लवकर यावे.

सौ. सूनबाईंस व मुलांस आशीर्वाद. 

काका