खेळाडूचा वाटा

अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना १८५२चा. हार्वर्ड विरुद्ध येल, नौकाशर्यत, न्यू हॅम्पशायरमधलं विनिपसॉकी सरोवर. दोन्ही संघांचा जाण्यायेण्याचा आणि राहण्याजेवण्याचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता. शर्यत पाहायला लोक लोटले की आगगाडीची तिकिटं खपतील, हा त्यामागचा हिशेब. तेव्हा आधी सगळं निर्मळ होतं आणि पैसा मागाहून शिरला, असं म्हणण्यात अर्थ नाही. पैसा पहिल्या दिवसापासून आहे. त्यातला वाटा खेळणाऱ्याला द्यायचा की नाही, हाच काय तो वाद.

*

पैसे न घेता खेळणं थोर, ही कल्पना इंग्लंडमधून आली. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कारागीर, मजूर आणि यंत्रावर काम करणारे यांना नियमानेच प्रवेश नव्हता. ज्याला पोटासाठी राबावं लागतं तो हौशी खेळाडू नव्हेच, असं मानलं जाई. फुकट खेळणं परवडतं ते घरी खायला-प्यायला कमी नसलेल्याला, आणि नियमही त्याच्याच दिवाणखान्यात तयार होत होते.

जिम थॉर्पला हे भोवलं. सॅक अँड फॉक्स जमातीचा हा मूळ अमेरिकन तरुण १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णपदकं जिंकला. त्याआधी उन्हाळ्यात नॉर्थ कॅरोलिनात तो थोडक्या पैशांवर बेसबॉल खेळला होता. कॉलेजची इतर मुलंही तशीच खेळत, पण खोटी नावं लावून. थॉर्पने स्वतःचं नाव लावलं. १९१३मध्ये त्याची पदकं काढून घेण्यात आली. त्या स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याचं नाव पुन्हा नोंदलं गेलं ते २०२२मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी.

*

१९५५मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजचा एक फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून वारला. त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये ती नाकारली. फुटबॉल हा काही कॉलेजचा धंदा नव्हे, सबब तो कॉलेजचा कामगार नव्हे.

कॉलेज-खेळांची मध्यवर्ती संघटना म्हणजे एनसीएए. तिचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी त्याच दशकात 'विद्यार्थी-खेळाडू' ही ओळख सगळ्या कॉलेजांकडून वापरात आणवली. असे दावे आपल्यावर येतील या धास्तीने ती आणली, हे निवृत्तीनंतर १९९५मध्ये त्यांनीच पुस्तकात लिहून ठेवलं.

केंट वाल्ड्रेप टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा खेळाडू. १९७४मध्ये अलाबामाविरुद्धच्या सामन्यात त्याच्या मानेला इजा झाली आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. भरपाईसाठी तो लढत राहिला आणि २००० साली टेक्सासच्या अपील न्यायालयात हरला.

पगार किती, हा प्रश्न लोकांना आवडतो, कारण त्यात आकडे असतात. मला आधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. मैदानावर मान मोडली तर जबाबदारी कोणाची?

*

दुसऱ्या बाजूचं म्हणणं हलकं नाही. मोठ्या खासगी विद्यापीठात फी, राहणं, जेवण धरून चार वर्षांची पूर्ण शिष्यवृत्ती तीन लाख डॉलरांच्या घरात जाते. मुलाला अमेरिकेत शिकवण्यासाठी घर तारण ठेवणाऱ्या पुण्या-नाशिकच्या आईबापांना या रकमेचं वजन सांगावं लागत नाही. शिवाय उत्तम प्रशिक्षक, डॉक्टर, व्यायामशाळा. याला मोबदला म्हणायचं नाही तर काय?

मोबदला आहेच. पण तो कोण ठरवतं आणि कोण काढून घेऊ शकतं? १९७३मध्ये एनसीएएने चार वर्षांच्या शिष्यवृत्तीऐवजी दरवर्षी नूतनीकरणाची पद्धत आणली. प्रशिक्षकाची मर्जी फिरली की पुढच्या वर्षीची फी घरून. अनेक वर्षांच्या शिष्यवृत्तीला पुन्हा परवानगी मिळाली ती २०१२मध्ये. मधली जवळजवळ चार दशकं 'आम्ही शिक्षण देतो' असं सांगणाऱ्या कॉलेजांचं वचन एका वर्षापुरतंच होतं.

*

आणि शिक्षण तरी पुरं मिळतं का? नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉलपटूंनी २०१४मध्ये संघटनेचा हक्क मागितला, तेव्हा श्रम मंडळाच्या शिकागो कार्यालयासमोर त्यांचं वेळापत्रक उलगडलं गेलं. हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास फुटबॉल, हंगामाआधीच्या शिबिरात ५० ते ६०. संघाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचं होतं. त्यासाठी लागणारा रसायनशास्त्राचा तास सरावाच्या वेळेवर यायचा. तास सुटला, सराव राहिला. कार्यालयाच्या संचालकांनी हे खेळाडू कर्मचारी आहेत असा निर्णय दिला. २०१५मध्ये वॉशिंग्टनच्या मुख्य मंडळाने मूळ प्रश्नाला हात न घालता प्रकरण बाजूला ठेवलं.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं प्रकरण याहून वाईट. १९९३ ते २०११ या काळात तिथे असे वर्ग चालले की प्राध्यापक नाही, तास नाही, शेवटी एक निबंध दिला की चांगले गुण. तीन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी ते घेतले, त्यातले निम्म्याच्या आसपास खेळाडू. हे वर्ग सगळ्यांनाच खुले होते, या मुद्द्यावर २०१७मध्ये एनसीएएने शिक्षा केली नाही. शिक्षण हाच पगार म्हणायचा आणि तो असा द्यायचा, ही सरळसरळ फसवणूक आहे.

*

एक काळ असा होता की कॉलेजने खेळाडूला मधल्या वेळी खायला बेगल दिला तर चाले, पण त्यावर काही लावून दिलं तर नियमभंग. २०१४च्या एप्रिलमध्ये कनेक्टिकटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्या शबाझ नेपियरने सांगितलं की काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. दुकानात त्याच्या क्रमांकाच्या जर्सी विकल्या जात होत्या. थोड्याच दिवसांत खेळाडूंच्या जेवणावरची बंधनं एनसीएएने उठवली.

*

२० फेब्रुवारी २०१९. ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना, बास्केटबॉल. तिकिटं हजारो डॉलरांना गेलेली, प्रेक्षकांत बराक ओबामा. सामना सुरू होऊन मिनिटही झालं नव्हतं. झायन विल्यमसनने वळण्यासाठी डावा पाय रोवला आणि नायकीचा बूट तळाशी उसवून पाय बाहेर आला. गुडघा मुरगळला, विल्यमसन आत गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी नायकीचा शेअर थोडा घसरला.

ते बूट घालण्याचा करार ड्यूक आणि नायकी यांच्यातला. बूट पायात विल्यमसनच्या, पैसे विद्यापीठाला. त्याने स्वतः बूटवाल्यांकडून एक डॉलर घेतला असता तर त्याला संघातून काढलं असतं. ज्याच्या गुडघ्यामुळे शेअर हलतो त्याच्या श्रमाला बाजारभाव नाही, असं कोणाला पटवून द्यायचं?

*

पैसा नाही ही सबब तर टिकतच नाही. सीबीएस आणि टर्नर यांनी २०१०मध्ये मार्चच्या बास्केटबॉल स्पर्धेचे हक्क १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरांना घेतले, नंतर २०३२पर्यंत वाढवताना आणखी ८.८ अब्ज मोजले. टेक्सास ए अँड एमने २०२३मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना करार संपायच्या आधी काढलं आणि त्याबद्दल सुमारे साडेसात कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं. काम थांबवण्यासाठी एवढे, आणि काम करणाऱ्या मुलाचा यूट्यूब चॅनेलसुद्धा खुपला. सेंट्रल फ्लोरिडाचा किकर डोनाल्ड डे ला हे याला २०१७मध्ये त्यापायी अपात्र ठरवलं गेलं.

*

कोर्टाची वाट लांबची होती. यूसीएलएचा जुना बास्केटबॉलपटू एड ओ'बॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःच दिसला. तोच क्रमांक ३१, तोच डावखुरा हात. त्याने २००९मध्ये खटला भरला आणि २०१४मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. २१ जून २०२१ला अल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला हरवलं. प्रश्न फक्त शिक्षणाशी निगडित लाभांचा होता. पण न्यायमूर्ती कॅव्हॅनॉ यांनी वेगळ्या मतात खरा मुद्दा मांडला: एका धंद्यातल्या सगळ्या मालकांनी मिळून मजुरी गोठवली तर ते बेकायदा ठरतं, मग कॉलेजांनाच सूट का? दहा दिवसांत, १ जुलैपासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले.

*

या सुधारणेच्या बाहेर राहिलेला एक गट, परदेशी खेळाडूंचा, आपल्या ओळखीचा आहे. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८मध्ये एनसीएएचा टेनिस एकेरीचा विजेता झाला, तेजस्विन शंकरने कॅन्सस स्टेटकडून उंच उडीची विजेतेपदं मिळवली, पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून टेनिस खेळला. आज या वाटेने जाणारी मुलं विद्यार्थी व्हिसावर असतात आणि त्या व्हिसात काम करण्यावर कडक बंधनं आहेत. शेजारचा अमेरिकन खेळाडू दुकानाच्या जाहिरातीत हसतो. परदेशी मुलाला तसं करण्याआधी व्हिसाचा विचार करावा लागतो.

*

६ जून २०२५. एनसीएएविरुद्धच्या हाउस खटल्यातल्या तडजोडीला विल्कन यांनीच मंजुरी दिली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि १ जुलैपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांची मर्यादा.

ही मर्यादा मोठ्या परिषदांमधल्या, म्हणजे मोठ्या लीगमधल्या, कॉलेजांच्या ठरावीक उत्पन्नाच्या सरासरी २२ टक्के. व्यावसायिक फुटबॉलमध्ये, एनएफएलमध्ये, खेळाडूंचा वाटा ४८ टक्क्यांच्या आसपास आहे. तो त्यांच्या संघटनेने मालकांसमोर बसून ठरवलेला आहे. इथे घोडं पेंड खातं. कॉलेजच्या खेळाडूंना संघटनाच नाही. सामूहिक दाव्याचे वकील होते, न्यायाधीश होते, पण निवडून दिलेला प्रतिनिधी नव्हता.

*

मला खरी काळजी वाटते ती पोहणाऱ्यांची, कुस्तीगिरांची, जिम्नॅस्टची. अमेरिकेत क्रीडा मंत्रालय नाही. ऑलिंपिकचे कितीतरी खेळाडू कॉलेजांच्या तलावांत आणि आखाड्यांत घडतात. त्यांचा खर्च मोठ्या विद्यापीठांत बहुधा फुटबॉल आणि बास्केटबॉल भागवतात. तो पैसा आटला तर पहिली कुऱ्हाड यांच्यावर पडेल. स्टॅनफर्डने २०२०मध्ये ११ खेळ बंद करायचं जाहीर केलं होतं. ओरड झाली म्हणून पुढच्या वर्षी मागे घेतलं.

पण या व्यवस्थेत कोणाच्या घामावर कोणाचं चाललं आहे, हेही पाहायला हवं. मोठ्या फुटबॉल आणि बास्केटबॉल संघांत कृष्णवर्णीय मुलं मोठ्या संख्येने, कितीतरी गरीब घरांतली. त्यांच्या कमाईवर जे खेळ चालतात त्यांत गोल्फ, टेनिस, नौकानयन हेही येतात, म्हणजे सुस्थितीतल्या घरांचे खेळ. नौकानयन जगावं असं मलाही वाटतं. त्याची किंमत फुटबॉल खेळणाऱ्या पोराने मेंदूला धक्के खात का मोजावी? ती विद्यापीठाने आपल्या तिजोरीतून मोजावी, प्रशिक्षकांच्या करारांत काटकसर करून मोजावी.

स्त्रियांच्या खेळाबद्दलही 'तुमचं कोण पाहतं' हे आता चालणार नाही. २०२४मध्ये महिलांचा बास्केटबॉल अंतिम सामना, केटलिन क्लार्कची आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलिना, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. तरीही हाउस तडजोडीतल्या मागच्या थकबाकीचा सिंहाचा वाटा पुरुषांच्या दोन खेळांकडे जातो. समान वागणुकीचा कायदा १९७२चा आहे. वाटपात तो लागू करायलाच हवा.

*

डार्टमथ कॉलेज खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाही. त्याच्या बास्केटबॉल संघाने मार्च २०२४मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी संघटना स्थापली. त्याच कॉलेजच्या भोजनगृहात काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना आधीच झाली होती आणि तिने मजुरी वाढवून घेतली होती. म्हणजे ताटं उचलणारा विद्यार्थी कामगार ठरतो, मालक त्याच्याशी बोलणी करतो, आणि शिक्षण थांबत नाही. खेळाडूच्या बाबतीत मात्र कॉलेजने बोलणी करायचं नाकारलं. वर्षअखेर श्रम मंडळ बदलणार, प्रतिकूल निर्णय येणार असं दिसल्यावर खेळाडूंनी अर्ज मागे घेतला.

*

काँग्रेसमध्ये २०२५मध्ये आलेल्या स्कोअर विधेयकात खेळाडू कर्मचारी नाहीत असं कायद्यानेच ठरवण्याची आणि कॉलेजांना मक्तेदारीविरोधी खटल्यांपासून संरक्षण देण्याची तरतूद आहे. पैसे देऊ, पण प्रश्न विचारू नका, असा याचा अर्थ. मला तो मान्य नाही. खेळाडूंना शिष्यवृत्तीच्या पलीकडे पैसे मिळायलाच हवेत. त्याहून आधी लेखी करार हवा, कॉलेज संपल्यावरही दुखापतीच्या उपचारांची हमी हवी, खेळताना राहिलेली पदवी नंतर पुरी करण्याचा हक्क हवा आणि रक्कम ठरवताना टेबलापाशी त्यांनी निवडलेला माणूस हवा. २२ टक्के बरोबर की ४८, हे त्या टेबलावर ठरू द्या. देणाऱ्याने एकट्याने ठरवलेला आकडा कितीही मोठा असला तरी ती मेहेरबानीच राहते, आणि मेहेरबानी पुढच्या हंगामात मागे घेता येते.