रुग्णशय्येपाशी शास्त्रवाचन

२०२४ सालच्या उपवासकाळातील तिसऱ्या रविवारी बालाघाट येथील आमच्या धर्मग्रामात दहा आज्ञांचे वाचन झाले. प्रवचन करताना आम्ही, वडिलांच्या अपराधाचा जाब तिसऱ्या-चौथ्या पिढीकडून घेतला जातो, ह्या वाक्यावर विशेष भर दिला. आईबापांनी आपल्या वर्तनास जपावे, एवढाच आमचा हेतू होता. मिसा संपल्यावर एक बाई पायरीवर थांबल्या. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलास सिकलसेलचा विकार आहे. थंडीच्या दिवसांत हाडे ठणकू लागली की पोर रात्र-रात्र कण्हत असते. त्यांनी विचारले, "फादर, मग ह्याच्या दुखण्यात पाप कोणाचे? माझे, की ह्याच्या बाबांचे?"

देव दयाळू आहे, असे काहीसे आम्ही पुटपुटलो. ते उत्तर नव्हते, हे त्यांना कळले आणि आम्हांलाही कळले.

पुढे महिन्याभराने, गावोगाव फिरून रुग्णसेवा करणाऱ्या एका धर्मभगिनीकडून समजले की, त्या बाई धाकट्या मुलीचे रक्त तपासू देण्यास तयार नाहीत. आणखी एक शिक्षा कागदावर लिहून कशाला आणायची, असे त्या म्हणतात. हे सांगून सिस्टर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "फादर, ताप आहे म्हटल्याबरोबर आम्ही गोळी हातावर ठेवीत नाही. कधीपासून आहे, थंडी वाजते का, घरात आणखी कोणास आहे, हे विचारतो; रक्त तपासतो. आपण मात्र एका वचनावरून निदान सांगून मोकळे झालात."

बोलणे झोंबले, कारण ते खरे होते. शास्त्राचा अर्थ कसा लावावा, हे आम्ही सेमिनरीत शिकलो होतो. प्राचीन लेखकाने कोणत्या लेखनप्रकारात लिहिले हे आधी ओळखावे, असे परमगुरु बारावे पायस ह्यांनी १९४३ च्या परिपत्रकात बजावले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या 'देई व्हर्बुम' ह्या दस्तऐवजात त्यास जोडूनच सांगितले आहे की, कोणतेही वचन संपूर्ण शास्त्राच्या एकतेत आणि ख्रिस्तसभेच्या जिवंत परंपरेत वाचावे. परीक्षेत ही उत्तरे आम्ही बिनचूक लिहिली होती. पायरीवर उभ्या असलेल्या आईपुढे मात्र त्यांतले एकही आठवले नाही.

त्या रात्री पुन्हा ग्रंथ उघडला. निर्गमातील ते वाक्य इस्राएलाशी झालेल्या कराराच्या भाषेत आहे. तेथे विषय निष्ठेचा आहे, रोगाचा नव्हे. शिवाय लगेच पुढे दयेची गोष्ट येते, आणि तिचे माप तीन-चार नव्हे, हजारोंचे आहे. बाबेलच्या बंदिवासातील लोक, आंबट द्राक्षे वडिलांनी खाल्ली आणि दात आमचे आंबले, अशी कुरकुर करीत, तेव्हा यहेज्केलाने त्यांची ती म्हणच मोडीत काढली: ज्याचा दोष त्याच्यावर. आणि योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून त्या आईचाच प्रश्न विचारतात. पाप ह्याचे नव्हे आणि ह्याच्या आईबापांचेही नव्हे, असे प्रभू स्पष्ट सांगतो. मग वाद न वाढविता चिखल कालवून त्याच्या डोळ्यांस लावतो. बेन सिराच्या अडतिसाव्या अध्यायात तर वैद्याचा मान राखावा आणि शहाण्याने औषध अव्हेरू नये, असा उपदेश आहे.

शास्त्राबरोबर आम्ही रोगाचीही माहिती करून घेतली. ह्या विकारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून त्या कळा येतात. आई व बाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी चारांत एक अपत्य रोगी होण्याचा संभव असतो. वाहकास स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो. १९५४ साली अँथनी ॲलिसन ह्या वैद्यकसंशोधकाने आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवून दिले की, हा गुण ज्याला एकाच बाजूने मिळाला, त्याचे घातक हिवतापापासून रक्षण होते. आमच्या वैनगंगेकाठच्या रानांतून हिवतापाने किती बळी घेतले, हे येथील म्हाताऱ्यांस सांगावे लागत नाही. ज्याला आम्ही प्रवचनात शापाची जागा दिली, त्याने कित्येक पूर्वजांस जगविले असेल!

आम्ही त्या बाईंच्या घरी गेलो. चूक आमच्या वाचनाची होती, तुमच्या रक्तात दोष असला तरी पाप नाही, हे त्यांच्यापुढे आणि त्यांच्या यजमानांपुढे कबूल केले. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, "हे सासूबाईंनाही सांगाल का?" आम्ही सांगितले. आठवड्याने धाकटीचे रक्त तपासले गेले. ती वाहक निघाली, रोगी नाही. मुलगा आता हायड्रॉक्सियुरिया नियमाने घेतो, पाणी भरपूर पितो. कळा येतात, पण पूर्वीपेक्षा कमी.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आमच्या सभागृहात परिचारिका, आशाताई आणि आम्ही एकत्र बसतो. एक उतारा वाचून तीन प्रश्न विचारतो: हे कोणी, कोणास, कोणत्या प्रसंगी सांगितले? उरलेले शास्त्र आणि प्रभूचे वर्तन ह्याविषयी काय म्हणते? आणि उद्या ज्या रुग्णाकडे जायचे, त्याच्या हातापायांस ह्याचा काय उपयोग? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आशाताईच देतात. विवाहेच्छू तरुण-तरुणींनाही आम्ही आता रक्ततपासणीविषयी सांगतो. विवाहास आडकाठी म्हणून नव्हे, तर डोळे उघडे ठेवून संसारात पाऊल टाकता यावे म्हणून. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे सुरू झाली आहे. तपासणीचे पथक गावात येईल, तेव्हा भीतीने दार लावून घेणारे घर आमच्या प्रवचनामुळे तरी नसावे.

वाचकहो, आजाऱ्यास भेटावयास जाताना शास्त्रवचन अवश्य न्या. मात्र ते उच्चारण्यापूर्वी खाटेजवळ थोडे बसा, आणि कोठे दुखते ते आधी विचारा.