हेड कोचच्या शेजारची खुर्ची

केरी, नॉर्थ कॅरोलिना

चि. मुक्ता हिस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजच्या मुलींच्या संघाची असिस्टंट कोच म्हणून किती दिवस काढायचे, असं तू विचारतेस. ताई फोनवर तेच विचारते, फक्त तिचा प्रश्न असतो, ‘मुख्य कधी होणार?’ पतियाळाचा कोचिंगचा डिप्लोमा करूनही आपण ‘दुसऱ्या’च राहिलो, हे तुला लागलं आहे. ताईला फोनवर मी उत्तर दिलं नाही, कारण मला तुम्हा दोघींना बिल गथ्रिज यांच्याबद्दल सांगायचं होतं आणि ते सवडीने सांगण्यासारखं आहे.

चॅपल हिल आमच्यापासून अर्ध्या तासावर. युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिनाचं हे गाव, आणि इथे बास्केटबॉल म्हटलं की पहिलं नाव डीन स्मिथ यांचं. १९६१ ते १९९७ अशी छत्तीस वर्षं ते हेड कोच होते, ८७९ विजय त्यांच्या नावावर. स्टेडियमलाही त्यांचंच नाव आहे. गथ्रिज मूळचे कॅन्ससचे. कॅन्सस स्टेटकडून खेळले, तिथेच असिस्टंट झाले आणि १९६७ मध्ये इकडे आले. पुढची तीस वर्षं ते स्मिथ यांच्या शेजारी बसले. १९८२ आणि १९९३ ची राष्ट्रीय विजेतेपदं असोत की १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकचं सुवर्ण, खुर्ची तीच. उंच खेळाडूंचं पायांचं काम त्यांच्याकडे, शूटिंगचा सराव त्यांच्याकडे.

बोलावणी येत नव्हती असं समजू नकोस. १९७८ मध्ये पेन स्टेटचं हेड कोचपद त्यांनी जवळजवळ घेतलंच होतं, आणि ऐन वेळी विचार बदलून ते चॅपल हिललाच राहिले. त्या निर्णयानंतर आणखी एकोणीस वर्षं ते असिस्टंट होते. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये, हंगाम तोंडावर असताना, स्मिथ अचानक निवृत्त झाले आणि संघ गथ्रिज यांच्याकडे आला. तेव्हा त्यांचं वय साठ. पहिल्याच वर्षी ३४ विजय, ४ पराभव. नव्या हेड कोचने पहिल्या हंगामात इतके सामने जिंकण्याचा तो त्या वेळचा विक्रम होता. सुरुवातीचे पाच कोण, यावर कुणाचं मन दुखावू नये म्हणून त्यांनी सहा जणांना आलटून पालटून उतरवलं. हे शहाणपण तीस वर्षं बेंचवरच्या मुलांचे चेहरे जवळून पाहिलेल्या माणसालाच सुचावं. २००० मध्ये संघ तेरा सामने हरून राष्ट्रीय स्पर्धेत गेला, गावात कुरकुर सुरू झाली होती, आणि तोच संघ अखेरच्या चारांत, म्हणजे ‘फायनल फोर’मध्ये, पोचला. त्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले. हेड कोच म्हणून तीन वर्षं, त्यात दोनदा फायनल फोर.

लोक म्हणतात, अखेर त्यांना त्यांचं फळ मिळालं. मला हे पटत नाही. त्या तीन वर्षांत जे दिसलं ते आधीच्या तीस वर्षांतच तयार झालेलं होतं, आणि १९९७ मध्ये स्मिथ थांबले नसते तरी गथ्रिज यांचं आयुष्य तेवढंच भरलेलं असतं. त्यांच्या शेजारी, त्याच बेंचवर, वेगळ्या घडणीचा एक असिस्टंट बसत असे. रॉय विल्यम्स. ती गोष्ट तुझ्या कामाच्या जास्त जवळची आहे.

विल्यम्स इथल्याच डोंगराळ भागातले, ॲशव्हिलकडचे. शाळेत कोच होते, नोकरी पक्की होती. १९७८ मध्ये बायको आणि तान्हं मूल घेऊन ते चॅपल हिलला आले, वर्षाला २,७०० डॉलरवर. घर चालावं म्हणून विद्यापीठाच्या संघाची कॅलेंडरं गाडीत भरून राज्यभर विकत फिरले. स्मिथ यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या टेप रविवारी पहाटे दूरच्या केंद्रांवर नेऊन पोचवायचं कामही त्यांनी केलं. दहा वर्षं असिस्टंट राहून ते कॅन्ससचे हेड कोच झाले, पुढे इथेच परतले आणि २००५, २००९, २०१७ अशी तीन विजेतेपदं त्यांनी आणली. पण मला त्यांचा १९८० चा उन्हाळा महत्त्वाचा वाटतो.

विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये माइक जॉर्डन नावाचा एक मुलगा खेळत होता. त्या हिवाळ्यात त्याला बघायला आधी गथ्रिज गेले. उन्हाळ्यात तो विद्यापीठाच्या शिबिराला आला आणि विल्यम्स यांच्या नजरेत भरला. राज्याबाहेर तेव्हा त्याला जवळपास कुणी ओळखत नव्हतं. रिक्रूटरच्या हातात याहून मोठं घबाड नसतं: तुला माहीत आहे, बाकीच्यांना नाही. अशा वेळी पिट्सबर्गच्या ‘फाइव्ह-स्टार’ शिबिराला मुलाने जावं का, हा प्रश्न आला. तिथे देशभरचे कोच बसलेले असत. विल्यम्स यांनी तो जावा यासाठी स्वतः फोन केले. तिथे जॉर्डनने बक्षिसं पटकावली आणि एका आठवड्यात तो सगळ्यांना ठाऊक झाला. आपल्या हातचा मुलगा जाऊ शकतो हे कळूनही त्यांनी मुलाच्या भल्याचं केलं. जॉर्डनने शेवटी चॅपल हिलच निवडलं. १९८२ च्या अंतिम सामन्यात जॉर्जटाउनविरुद्ध ६३-६२ असा विजय मिळाला तो त्याच्याच फटक्यामुळे. त्याने दुसरं कॉलेज निवडलं असतं तरी विल्यम्स यांचा तो फोन बरोबरच होता.

मुक्ता, तू सातारा-सांगलीकडच्या शालेय स्पर्धांना जाऊन मुली बघतेस, मग त्यांच्या घरी बसून आईवडिलांना समजावतेस की हॉस्टेल सुरक्षित आहे, परीक्षा बुडणार नाही. इथले असिस्टंट हेच करतात, फक्त नियमांच्या जंगलातून. कुठल्या आठवड्यात मुलांना भेटता येतं, कुठल्यात फक्त स्टँडमध्ये बसून बघता येतं, कुठल्यात काहीच नाही, याचं एनसीएएचं, म्हणजे कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं, कॅलेंडर असतं. उन्हाळी स्पर्धांत विद्यापीठाचा शर्ट घालून बसायचं, पण खेळत असलेल्या मुलाशी बोलायचं नाही. त्याने बारावीपर्यंत ठरलेले सोळा विषय केलेत का, गुण पुरतात का, तेही बघायचं. रात्री हॉटेलवर पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ. हेड कोच एखाद्या घरात तासभर येतो. त्या घराचा विश्वास त्याआधी वर्ष-दोन वर्षं असिस्टंटने मिळवलेला असतो.

या विश्वासाची किंमत किती, हे बाजारालाही कळतं. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयने चार कॉलेजांच्या असिस्टंट कोचना अटक केली. आर्थिक सल्लागारांकडून पैसे घेऊन आपल्या खेळाडूंना त्यांच्याकडे वळवल्याचा आरोप होता आणि चौघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. मला त्यांची बाजू घ्यायची नाही. आईने ज्याच्या भरवशावर मुलगा पाठवला त्यानेच त्याला विकलं, याला क्षमा नसावी. आता तर २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर उघड पैसे मिळवता येतात, कॉलेजही सहज बदलता येतं, त्यामुळे आलेला मुलगा दर वसंतात नव्याने राखावा लागतो. तुझ्याकडे हे वारं अजून आलेलं नाही.

पैशांबद्दल मात्र तुला एक हकिगत सांगायलाच हवी, कारण तू पगाराचा उल्लेख ओझरता करून पुढे गेलीस. १९९२ पासून एनसीएएने इथे एक नियम लावला: फुटबॉल सोडून बाकी खेळांतल्या एका असिस्टंटला वर्षभरात १६,००० डॉलरपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. शैक्षणिक वर्षाचे १२,०००, उन्हाळ्याचे ४,०००. कारण सांगितलं, खर्च वाचेल आणि नवशिक्यांना संधी मिळेल. प्रत्यक्षात त्या जागांवर अनुभवी, संसारी माणसं अडकली. त्यांनी गप्प बसून सोसलं नाही, ते कोर्टात गेले. १९९८ मध्ये अपील कोर्टानेही हा नियम स्पर्धाविरोधी आणि बेकायदा ठरवला, आणि १९९९ मध्ये एनसीएएला साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास रक्कम देऊन तडजोड करावी लागली. निष्ठा आणि कमी पगार यांचा काही संबंध नाही, हे मी तुला ठामपणे सांगतो. गथ्रिज निष्ठेने राहिले. ते फुकट राबले नाहीत.

आणि ताईला क्रिस डेली यांच्याबद्दल वाचून दाखव. १९८५ मध्ये त्या हेड कोच जीनो ऑरिएमांबरोबर कनेक्टिकटच्या मुलींच्या संघाकडे आल्या आणि त्यांच्या शेजारीच राहिल्या. २०२५ मध्ये त्या संघाने बारावं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. २०१८ मध्ये विमेन्स बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये डेली यांचा समावेश झाला, असिस्टंट असतानाच.

तू नाशिकच्या ज्या जागेबद्दल लिहिलंस, तिथे मुख्य प्रशिक्षक म्हणून घेतील. ते काम तुला मनापासून करायचं असेल तर जरूर जा, विल्यम्सही गेले. पण ‘असिस्टंट’ या शब्दाची लाज वाटते म्हणून जाणार असशील तर थांब. तू आणलेल्या मुली आत्ता दुसऱ्या वर्षाला आहेत आणि त्यांचे आईवडील कॉलेजला नव्हे, तुला ओळखतात. त्यांना तू स्वतः जाऊन सांगितल्याशिवाय काही ठरवू नकोस.

राहायचं ठरवलंस तर जूनच्या आधी प्राचार्यांना लेखी दे: निवड दौऱ्यांचा प्रवासखर्च कॉलेजने द्यावा, प्रवेशाच्या बाबतीत तुझ्या शिफारशीला अधिकृत जागा असावी, आणि पगार हेड कोचच्या पगाराच्या अमुक हिश्श्याइतका ठरवावा. तो हिस्सा किती, ते आपण बोलून ठरवू. मसुदा मला पाठव. नाशिकचा करारही पाठव, दोन्ही शेजारी ठेवून वाचतो.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा,
मामा