फुल

फलटणच्या स्टँडवर दारात हात आडवा धरून कंडक्टर म्हणतो, "फुल झाली." तोच "भरली" म्हणाला असता, तर कुणीतरी "सरका की वाईच" म्हणत पाय ठेवलाच असता. भरलेल्यात जागा होते, फुलमध्ये होत नाही. माउलींची पालखी तरडगावहून येते त्या दिवशी लॉज फुल, गाड्या फुल. वारकऱ्यांना ओसरी देणाऱ्या घरांत मात्र हा शब्द ऐकू येत नाही.

दार लावायचं काम आपण या इंग्रजी विशेषणाला दिलं. बाकीची कामं त्यानं स्वतःच मिळवली. फुल पँट, फुल चार्ज, टाकी फुल. फुल शर्ट म्हणजे मनगटापर्यंत बाही. शर्ट कधी अर्धा नसतो, तरी हाफ शर्ट असतोच. फुल टेन्शन, फुल राडा यांत तर अर्थ गळून नुसता जोर उरला. पोरं 'फुल्ल' लिहितात आणि नकळत संस्कृतातल्या उमललेल्या फुल्लाशेजारी जाऊन बसतात.

याच फलटणच्या बोलीचा अभ्यास करायला 1966 साली अमेरिकेतून मॅक्सीन बर्नसन आल्या. 1973 साली प्रबंध झाला, पण त्या परत गेल्या नाहीत. इथंच मराठी शाळा काढली. जाई निंबकरांबरोबर त्यांनी मराठी शिकणाऱ्या परक्यांसाठी व्याकरणही लिहिलं. त्या परक्यांची मला दया येते. भरला माठ, भरली घागर, भरलं वांगं: प्रत्येकापुढे विशेषणानं वेगळं वाकायचं. फुल आलं ते थेट 'लाल', 'गोड' यांच्या पंगतीत बसलं. कुणापुढे वाकणं नाही.

सोयीचं आहे, पण मला ते घाईचं वाटतं. फुल एकदम होतं, भरणं चालू असतं. तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यात पौषातली ज्वारी बघावी. दाणा आधी नुसता चीक धरतो, नखानं दाबला की पांढरं फुटतं. मग हुरड्याला येतो, मग हळूहळू टणक. रोज जाणारा शेतकरीसुद्धा "भरतंय" एवढंच म्हणतो. धान्याचं, विहिरीचं, गर्भारशीच्या दिवसांचं हे असंच. भरली ओटी, भरला संसार, भरल्या पोटी दिलेला आशीर्वाद यांच्या वाटेला फुल अजून गेलेलं नाही. शिव्याशापांतही त्याचा टिकाव लागत नाही. "तुझे शंभर भरले" या धमकीत फुल घालून बघा. समोरचा हसत सुटेल.